वेग कोठे अडला?

[घरातील एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर छायाचित्रे, ध्वनिफिती, चित्रफिती पाठवताना फार वेळ लागतो, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. अशा वेळी पैसे खर्च करण्यापूर्वी कारण कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे. त्यासाठी थोडे गणित, थोडे विज्ञान आणि पुष्कळ धीर लागतो.]

मुलांनो, लालबागचा उड्डाणपूल २०११ साली वाहतुकीसाठी खुला झाला. त्याआधी परळहून भायखळ्याकडे जाणारी मोटार कितीही वेगवान असली, तरी लालबागच्या चौकांत तिला थांबावेच लागे. मोटार चांगली, चालक हुशार, पुढचा रस्ताही मोकळा. पण एका चौकात सारा वेळ जात असे. प्रवासाचा वेग सगळ्यांत चांगल्या रस्त्यावरून ठरत नाही. तो सगळ्यांत अडचणीच्या जागेवरून ठरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. आजच्या पाठाचा सारा अर्थ याच एका वाक्यात आहे.

घरातील भांडार

पूर्वी घरातील छायाचित्रे पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटात असत. आता ती मोबाइलमध्ये आणि संगणकात असतात. काही घरांत एक लहानसे यंत्र यासाठी वेगळे ठेवतात. त्यात एक किंवा दोन मोठ्या तबकड्या असतात. घरातील सर्वांची छायाचित्रे, ध्वनिफिती आणि चित्रफिती त्या यंत्रात साठवतात. मग दूरदर्शन संचावर, मोबाइलवर किंवा संगणकावर, कोठेही त्या पाहता येतात. अशा यंत्राला 'मीडिया सर्व्हर' म्हणतात. आपण त्याला 'घरातील भांडार' म्हणू.

संगणकातून या भांडारात फाईल पाठवायची, तर तिला चार टप्पे ओलांडावे लागतात. पहिला टप्पा संगणकाची तबकडी. तेथून फाईल वाचली जाते. दुसरा टप्पा तार किंवा वाय-फाय. तिसरा टप्पा राउटर. राउटर म्हणजे घरातील यंत्रांना जोडणारी पेटी. चौथा टप्पा भांडाराची तबकडी. तेथे फाईल लिहिली जाते. या चारांपैकी जो टप्पा सर्वांत मंद, तोच सर्वांचा वेग ठरवतो.

फाईल एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर कशी न्यावी, याचे नियम फार पूर्वीच ठरू लागले होते. आपल्या देशातील अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.तून शिकून अमेरिकेत गेले. तेथील एम.आय.टी. या संस्थेत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये अशा नियमांचा पहिला मसुदा लिहिला. त्या नियमांना 'फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉल' असे नाव आहे. आज घराघरांत आणखी निराळे नियम वापरले जातात, पण मूळ प्रश्न तोच आहे: इकडचा मजकूर तिकडे, न बिघडता आणि लवकर कसा पोहोचवावा?

बिट आणि बाइट

आता थोडा हिशेब करू. दुकानदार तारेचा किंवा राउटरचा वेग 'मेगाबिट'मध्ये सांगतो. संगणक मात्र फाईलचा आकार 'मेगाबाइट'मध्ये दाखवतो. हे दोन शब्द सारखे वाटतात, पण त्यांत आठपट फरक आहे. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून दर सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणाऱ्या तारेतून फार तर १०० ÷ ८ = १२.५ मेगाबाइट जाऊ शकतात. त्यातही थोडा भाग पत्ता आणि पोचपावती यांत खर्च होतो. प्रत्यक्षात हाती ११ ते १२ मेगाबाइट येतात. त्याचप्रमाणे १००० मेगाबिटच्या तारेतून सुमारे ११० मेगाबाइट जातात.

ज्याला हा फरक ठाऊक नाही, तो दुकानदाराशी उगाच भांडतो. "तुम्ही १०० सांगितले आणि मला ११ च मिळतात!" असे तो म्हणतो. दुकानदार खोटे बोललेला नसतो. दोघांची मापे निराळी असतात.

एका घरातील अडचण

आता एक खरा प्रसंग पाहा. माझा नववीतील एक विद्यार्थी परळला राहतो. त्याचे आजोबा गिरणीत साचेखात्यात काम करत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्या संपानंतर त्यांची नोकरी गेली. म्हातारपणी ते नातवंडांना गिरणीच्या गोष्टी सांगत. पहाटेचा भोंगा, मागांचा आवाज, तुटलेला धागा जोडण्याची युक्ती, पगाराचा दिवस, सगळे सांगत. त्यांच्या मुलाने ते बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घरच्या संगणकात ठेवले होते. आजोबा आता हयात नाहीत. त्यांचा आवाज मात्र त्या संगणकात होता.

तो संगणक जुना झाला होता. त्याच्या तबकडीतून मधूनमधून 'टक् टक्' असा आवाज येऊ लागला. तबकडी निकामी होण्याची ही एक खूण आहे. म्हणून मुलाच्या अब्बांनी लॅमिंग्टन रोडवरून एक लहान सर्व्हर आणला. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. ग्रँट रोड स्थानकाजवळचा हा बाजार विजेच्या व संगणकाच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी ते यंत्र स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवले आणि लांब तारेने बैठकीच्या खोलीतील राउटरला जोडले. संगणक मात्र वाय-फायवरच होता.

एकूण मजकूर २०० गिगाबाइट, म्हणजे सुमारे २,००,००० मेगाबाइट होता. वेग दर सेकंदाला ३ मेगाबाइट मिळत होता. भागाकार केला, तर साडेअठरा तास होतात! तबकडी तर टक् टक् करत होती. घरात चर्चा सुरू झाली. अब्बा म्हणाले, "यंत्र खराब आहे, परत देऊन टाकू." अम्मी म्हणाल्या, "इंटरनेटची मोठी योजना घेऊ." दुसऱ्या दिवशी मुलाने शाळेत मला विचारले, "सर, दोघांपैकी कोणाचे बरोबर?"

आधी मौल्यवान वस्तू वाचवा

मी त्याला सांगितले, "वेगाचा शोध नंतर. आधी आजोबांचा आवाज पेन ड्राइव्हवर उतरवून घे."

घराला आग लागली, तर आपण आधी माणसांना बाहेर काढतो, आगीचे कारण नंतर शोधतो. येथेही तसेच आहे. आजोबांच्या ध्वनिफिती केवळ २ गिगाबाइट होत्या. दीड मिनिटाच्या आत त्या पेन ड्राइव्हवर उतरल्या. चित्रपट पुन्हा मिळतो, गाणे पुन्हा मिळते. गेलेल्या माणसाचा आवाज मात्र पुन्हा मिळत नाही.

या कामातून एक उपयोगी माहितीही मिळाली. २००० मेगाबाइट ८० सेकंदांत उतरले. म्हणजे जुनी तबकडी दर सेकंदाला निदान २५ मेगाबाइट देऊ शकत होती. मग भांडाराकडे जाताना ३ मेगाबाइटचा जो वेग मिळत होता, त्याला तबकडी कारण नव्हती. चार टप्प्यांपैकी एक टप्पा निर्दोष ठरला.

इंटरनेट आणि घरातील जाळे

अम्मींची सूचना मनापासूनची होती, पण तिचा उपयोग झाला नसता. चाळीत राहणाऱ्यांना हे लवकर समजेल. पिंपातले पाणी तांब्याने मोरीत नेताना नळाला पाणी जोरात येते की हळू, याचा काय संबंध? पाणी तर घरातच आहे! तसेच फाईल संगणकातून निघते, राउटरमधून जाते आणि माळ्यावरच्या यंत्रात पोहोचते. ती घराबाहेर पडतच नाही. इंटरनेट पूर्ण बंद असले, तरी हे काम चालते.

इंटरनेटचा वेग वेगळा आणि घरातील जाळ्याचा वेग वेगळा. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा लोक दूरध्वनीच्या तारेवर मॉडेम लावत. पुढे चांगल्यात चांगल्या मॉडेमचा वेगही सेकंदाला ५६ किलोबिट एवढाच झाला. त्या वेगाने २०० गिगाबाइट पाठवायचे, तर मॉडेम रात्रंदिवस चालू ठेवूनही सुमारे ३३० दिवस लागले असते. त्या मानाने साडेअठरा तास थोडेच म्हणायचे! पण टक् टक् करणाऱ्या तबकडीसाठी तेही फार होते.

शोधाची रीत

शोध घेताना चार नियम पाळावे.

१. प्रत्येक वेळी तीच एक मोठी फाईल पाठवून पाहावी. फाईल बदलली, तर तुलना करता येत नाही.
२. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार, राउटर आणि जागा एकदम बदलली, तर कशाने फरक पडला हे कळत नाही.
३. प्रत्येक वेळचा वेग वहीत लिहून ठेवावा. 'आता बरे वाटते' ही नोंद नव्हे. 'सेकंदाला ११ मेगाबाइट' ही नोंद आहे.
४. मिळालेल्या आकड्याला आठाने गुणावे आणि तो कोणत्या मापाच्या जवळ येतो ते पाहावे.

मुलाने पहिला बदल केला. त्याने संगणक वाय-फायवरून काढून आखूड तारेने राउटरला जोडला. वेग ३ वरून ११ झाला.

वाय-फाय मंद का होते? वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोहोचते, पण त्या पट्ट्यात गर्दी फार असते. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा त्याच पट्ट्यात असतात. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, पण जाड भिंतीत ती लवकर क्षीण होते. गिरगाव, परळ, लालबाग येथे घराला घर लागून असते. एका मजल्यावर दहा घरे असली, तर दहा राउटर एकदम बोलत असतात. शिवाय एका राउटरच्या वाय-फायवरील सर्व साधनांना आळीपाळीने बोलावे लागते. वर्गात सर्व मुले एकदम बोलू लागली, तर कोणाचेच ऐकू येत नाही, तसे हे आहे. म्हणून मोठे काम शक्यतो तारेनेच करावे.

आकड्याने चोर पकडला

वेग ११ झाल्यावर घरात आनंद झाला. आता पाच तासांत काम झाले असते. पण मुलाने चौथा नियम आठवला. ११ × ८ = ८८. हा आकडा १०० च्या जवळ आहे. संगणक, राउटर आणि भांडार ही तिन्ही यंत्रे १००० मेगाबिटची होती. म्हणजे वाटेत कोठेतरी एक टप्पा १०० वर चालत होता. वेग ४० किंवा ५० आला असता, तर अनेक शंका आल्या असत्या. ११ या आकड्याने मात्र एका जागी बोट ठेवले.

तारा दोन होत्या. संगणकापासून राउटरपर्यंतची आखूड तार आणि राउटरपासून माळ्यापर्यंतची लांब तार. संगणकाच्या पडद्यावर जोडणीचा वेग पाहता येतो. तेथे १००० दिसत होते. आखूड तार निर्दोष ठरली. मग त्याने माळ्यावरचे यंत्र खाली आणले आणि दुसऱ्या आखूड तारेने राउटरला जोडले. तीच फाईल पुन्हा पाठवली. वेग एकदम ८० झाला!

दोष लांब तारेत होता. ती स्वयंपाकघराच्या दरवाजाखालून नेली होती. दरवाजा रोज तिच्यावर दाबला जात होता. बाहेरून तार साबूत दिसत होती, पण आतील एक बारीक तार तुटली होती.

या तारेची रचना समजून घ्या. तिच्यात आठ बारीक तारा असतात. दोन दोन तारांना पीळ घालून चार जोड्या केलेल्या असतात. पीळ घातल्यामुळे बाहेरच्या विजेचा व्यत्यय कमी होतो. दूरध्वनीचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली या युक्तीचे पेटंट घेतले होते. १०० मेगाबिटसाठी दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिटसाठी चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली आणि कामाच्या दोन जोड्या शाबूत राहिल्या, तर पुष्कळ यंत्रे काम बंद करत नाहीत. ती गुपचूप १०० च्या वेगावर उतरतात. म्हणूनच हा दोष लवकर लक्षात येत नाही. काम बंद पडले असते, तर लगेच शोध झाला असता.

मागावर एक धागा तुटला, तर विणकर माग मोडीत काढत नाही. तो तुटलेले टोक शोधतो. त्या घरातही तेच झाले. यंत्र परत द्यावे लागले नाही आणि मोठी योजनाही घ्यावी लागली नाही. फक्त एक नवी तार आणावी लागली. ती दरवाजाखालून न नेता भिंतीच्या कडेने नेली.

आता आणखी एक गोष्ट. वेग ८० झाला, ११० का झाला नाही? ८० × ८ = ६४०. हे १००० पेक्षा बरेच कमी आहे. म्हणजे आता अडचण तारेत नव्हती, ती जुन्या तबकडीत होती. लालबागचा पूल झाला, तरी पूल उतरल्यावर पुढचा सिग्नल येतोच. एक अडथळा दूर झाला की दुसरा पुढे येतो. पण जुनी तबकडी बदलून वेग वाढवण्यात अर्थ नव्हता, कारण तिच्यातील मजकूरच बाहेर काढायचा होता. कोठे थांबावे, हेही शोध घेणाऱ्याला कळले पाहिजे.

इतर काही कारणे

८० च्या वेगाने २०० गिगाबाइटला ४२ मिनिटे लागायला हवीत. प्रत्यक्षात सव्वा तास लागला. कारण त्यात हजारो लहान छायाचित्रे होती. प्रत्येक फाईलचे नाव लिहिणे, जागा शोधणे, ती उघडणे आणि बंद करणे यांत वेळ जातो. मुंबईचे डबेवाले एकेक डबा वेगळा घेऊन लोकलमध्ये चढत नाहीत. ते पुष्कळ डबे एका लांब लाकडी पाटीत रचतात आणि पाटी एकदम चढवतात. तसेच लहान फाईलींचे एक गाठोडे बांधून पाठवले, तर वेळ वाचतो.

तबकडी बाहेरून जोडलेली असेल, तर यूएसबीची खाचही पाहावी. जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या यूएसबीचा वेग कागदावर ४८० मेगाबिट असतो, पण प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच मिळतात. तिसऱ्या आवृत्तीची खाच बहुधा आतून निळी असते. शक्य असेल, तर निळी खाच वापरावी.

तार विकत घेताना तिच्यावरचा छापील मजकूर वाचावा. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' असे लिहिलेली तार १००० मेगाबिटसाठी योग्य असते. एका तारेची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त असू नये. आपल्या घरांत एवढी लांबी लागत नाही, पण इमारतीच्या तळमजल्यापासून वर तार नेताना हे ध्यानात ठेवावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. भांडारात मजकूर पोहोचला, म्हणजे काळजी संपली असे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत मोठा पूर आला. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुष्कळांच्या घरांत पाणी शिरले आणि कपाटांतील कागदपत्रे व छायाचित्रे भिजून गेली. पाणी कागद आणि यंत्र असा भेद करत नाही. म्हणून ज्या वस्तू पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक प्रत दुसऱ्या घरी, नातेवाइकांकडे ठेवावी.

मुलांनो, अडचण आली की आपण पटकन कोणाला तरी दोष देतो. यंत्राला देतो, दुकानदाराला देतो, कधी घरातल्या माणसालाही देतो. त्याऐवजी मोजावे, लिहावे, एकेक टप्पा तपासावा. खरे कारण बहुधा लहान असते आणि ते एखाद्या दरवाजाखाली दडलेले असते.

शब्दार्थ

हयात – जिवंत
साचेखाते – गिरणीतील कापड विणण्याचा विभाग
निकामी – उपयोगात न येणारा
व्यत्यय – अडथळा
क्षीण होणे – कमजोर होणे
साबूत, शाबूत – न मोडलेला, पूर्ण
गाठोडे – कपड्यात बांधलेले सामान
मोडीत काढणे – निरुपयोगी समजून टाकून देणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एका बाइटमध्ये किती बिट असतात?
(आ) अभय भूषण यांनी फाईल पाठवण्याच्या नियमांचा मसुदा कोणत्या साली लिहिला?
(इ) मुलाने सर्वांत आधी काय वाचवले?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) इंटरनेटची मोठी योजना घेऊन उपयोग झाला नसता.
(आ) तारेतील दोष लवकर लक्षात आला नाही.
(इ) लहान फाईलींचे गाठोडे बांधून पाठवावे.

प्र. ३. हिशेब करा.
४० गिगाबाइट मजकूर सेकंदाला १० मेगाबाइट या वेगाने पाठवला, तर किती वेळ लागेल? (१ गिगाबाइट = १००० मेगाबाइट धरा.)

प्र. ४. 'हिशेब', 'दुकान', 'इमारत', 'दरवाजा', 'बाजार' हे शब्द मराठीत व उर्दूतही आहेत. दोन्ही भाषांतील उच्चारांत काही फरक आहे का, ते पाहा. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : घरातील वडील माणसांना त्यांच्या लहानपणीची एक आठवण विचारा. ती ध्वनिमुद्रित करा आणि तिच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या जागी ठेवा.